आधी चांगली बाजू

डॉक्टर दुखरा सांधा आधी पाहत नसत. हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी कोणासाठी मोडल्याचं मी पाहिलं नाही. उजवा गुडघा सुजलेला हमाल ओसरीवर येऊन बसला की ते त्याचा डावा गुडघा हातात घेत. वाटी हलवून पाहत, पाय वाकवत, सरळ करत, मग मधेच थांबून छताकडे बघत बसत. हमाल सांगे की दुखतोय तो दुसरा. डॉक्टर म्हणत, "ते तुझ्या तोंडावर दिसतंय. हा कसा आहे ते मला बघू दे. त्याला ह्याच्यासारखाच करायचाय ना?"

पद्धत म्हणून यात वावगं काही नव्हतं. प्रत्येक माणसाची ठेवण वेगळी असते, एकाचा सांधा सैल तर दुसऱ्याचा घट्ट. तेव्हा माणसाचं माप त्याच्याच दुसऱ्या बाजूवर घ्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्रास हा होता, की चांगल्या बाजूवर ते फार वेळ घालवत आणि तेवढा सगळा वेळ शिकवत.

मानवतला मी त्यांचा भाडेकरू होतो. निजामी अमलाची ती शेवटची वर्षं. मी सरकारी वस्तानिया शाळेत, म्हणजे मिडल स्कूलमध्ये, उर्दूतून गणित शिकवत होतो. डॉक्टरांच्या घरातली रस्त्याकडची खोली मला मिळाली होती. तिचं दार ओसरीवर उघडे, आणि ओसरी हाच त्यांचा दवाखाना. सकाळी बाहेर पडायचं तर रोग्यांच्या पायांमधून वाट काढावी लागे. त्यातही डॉक्टरांच्या हाताच्या टप्प्यातून सुटावं लागे, ते अवघड होतं.

ते पन्नाशीच्या आसपास होते. अंगाने वाळलेले, पण अंगठे जाड आणि मजबूत. हात कायम गार असत, म्हणून रोग्याला स्पर्श करण्याआधी ते दोन्ही हात स्वतःच्या काखेत घालून काही वेळ तसेच उभे राहत. नवख्या माणसाला वाटे, डॉक्टर रागावले आहेत. वैद्यकी ते हैदराबादेत शिकले होते, तीही उर्दूतून. हाडांची, स्नायूंची नावं त्यांना अरबी-फारसीतच येत. रोग्याला ती नावं कळत नाहीत, हे त्यांना मान्य होतं. रोग्याला ती कळायची गरज नाही, हे मात्र मान्य नव्हतं. म्हणून त्यांनी उपमांचा एक संच तयार केला होता. मांडीचा सांधा म्हणजे उखळात बसलेला गोळा. तो सहसा निघत नाही आणि निघाला तर माणूस उठत नाही. गुडघा म्हणजे एकमेकांवर ठेवलेले दोन दगड, चारी बाजूंनी दोऱ्यांनी आवळलेले; दगडांची त्यात काही कर्तबगारी नाही, सगळं काम दोऱ्यांचं. खांदा म्हणजे बशीवर ठेवलेलं लिंबू. "बशी लहान, लिंबू मोठं," ते सांगत. "म्हणून हात सगळीकडे फिरतो. आणि म्हणूनच निसटतो. सगळीकडे फिरणाऱ्या गोष्टीचा भरवसा नसतो."

ही उपमा मी इतक्या वेळा ऐकली, की पुढे कोणी बशीतून लिंबू आणून दिलं तरी मला वैताग येई.

एकदा पाथरीचे तहसीलदार दौऱ्यावर आले असताना घोड्यावरून उतरताना त्यांचा डावा पाय मुरगळला. त्यांना दोघांनी धरून ओसरीवर आणलं. डॉक्टर हात काखेत घालून उभे राहिले, मग खाली बसले आणि त्यांनी साहेबांच्या उजव्या पायातला बूट काढला.

"डॉक्टर, ये पाँव नहीं. वो पाँव," तहसीलदार म्हणाले.

"मालूम है, साहब. पहले इससे पूछ लेता हूँ, वो झूठ बोलेगा."

पुढचा बराच वेळ डॉक्टर तहसीलदारांना घोट्याची रचना समजावत होते. बाहेरचं हाड आतल्या हाडापेक्षा खाली उतरतं, त्यामुळे पाऊल बाहेर वळायला गेलं तर ते आडवं येतं; म्हणून पाऊल मुरगळतं ते जवळजवळ नेहमी आत, आणि तुटतात त्या बाहेरच्या दोऱ्या. हे सगळं ते साहेबांच्या धडधाकट पायावर बोट ठेवून सांगत होते. साहेबांच्या तोंडाला घाम सुटला होता. अखेर त्यांनी बूट मागून घेतला, स्वतःच चढवला आणि एका पायावर लंगडत ते टांग्याकडे गेले. डॉक्टर त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत गेले आणि म्हणाले, "आता डावा पाहणार होतो."

लहान मुलांच्या बाबतीत तर हा नियम म्हणजे छळच होता. चालायला लागलेल्या पोराला आई हाताला धरून ओढते आणि कोपरातलं एक हाड कड्यातून सरकतं. पोर हात लुळा टाकून रडत बसतं. असलं पोर आठवड्याला एखादं तरी येई. इलाज एका झटक्याचा: तळहात वर फिरवून कोपर वाकवायचं. तो करायला डॉक्टरांना एक श्वास पुरे होता. पण ते आधी पोराचा चांगला हात धरत. पोर किंचाळे. आई म्हणे, "आवो डाक्तरसाब, त्यो न्हाई, ह्यो हात हाय."

"ह्याला काय झालंय?"

"ह्याला काय बी न्हाई झालं."

"मग हे इतकं का रडतंय?"

मग डॉक्टर पोराला हाताला धरून का उचलू नये, कुठे धरून उचलावं, हे तिच्याकडून म्हणून घेत आणि तोपर्यंत पोराचा दुखरा हात मोकळा ठेवत. मी एकदा चिडून म्हणालो, की आधी हात बसवा आणि मग शिकवा. ते म्हणाले, "हात बसला की ती ऐकणार नाही. निघून जाईल. पुढच्या महिन्यात परत येईल." हेही खरं होतं. त्यांचं बहुतेक बोलणं खरं असे. त्यामुळे त्यांच्याशी भांडता येत नसे, आणि वैताग होता तो यामुळेच.

घरात त्यांच्या पत्नीला सगळे काकू म्हणत. काकूंना हे सगळं आमच्या फार आधीपासून सोसावं लागलं होतं. त्या म्हणत, "यमदूत न्यायला आले तरी हे म्हणतील, आधी शेजारच्याला तपासा, मग माझ्याकडे या."

रोग्याची दुसरी बाजूही कामाची नसेल, म्हणजे हात तुटका असेल किंवा जुनं दुखणं असेल, तर डॉक्टर जवळ जो उभा असेल त्याला धरत. तो बहुतेक मी असे. "मास्तर, कोट काढा." मी शाळेत निघालेलो असे. आमच्या हेडमास्तरांना, तिथे त्यांना सदर मुदर्रिस म्हणत, उशीर खपत नसे. दोनदा त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, की आपण मदरशात नोकरीला आहात की दवाखान्यात. कोट काढणार नाही असं मी डॉक्टरांना अनेकदा सांगितलं. ते फक्त हात काखेत घालून वाट पाहत उभे राहत. रोगी कण्हत असे, सगळी ओसरी माझ्याकडे बघत असे. मी कोट काढत असे.

मला सांगायचं आहे ते एका मेंढपाळाबद्दल.

तो त्याच्या बायकोबरोबर आला, सुगीच्या आधी. तिशीचा गडी होता. दोन्ही हात पोटाशी घडी करून धरलेले, जसं थंडीत धरतात. पटका बायकोने बांधलेला असावा; गाठ चुकीच्या बाजूला होती. बायको म्हणाली, "गाडीवरनं पडले. दोनी खांदं धरल्यात."

डॉक्टरांनी विचारलं, "चांगला कोणता?"

"दोनी दुखायलेत," तो म्हणाला.

"कमी कोणता दुखतो?"

त्याने विचार करून सांगितलं की डावा. मग डॉक्टरांनी डावा खांदा चांगला मानला. तो नीट चाचपला. मग उजवा चाचपला. मग पुन्हा डावा. खांदा निखळतो तेव्हा लिंबू पुढे आणि खाली घसरतं, खांद्याची गोलाई जाते, हात अंगापासून दूर लोंबतो. इथे तसं काही नव्हतं. हात अंगाला चिकटलेले होते. एक खांदा दुसऱ्यासारखा होता, तंतोतंत. "दोन्ही सारखे आहेत," डॉक्टर म्हणाले. "बाहेर आलेलं काही नाही. मुका मार आहे. तेल लावा, शेकत राहा, काम बंद."

मी त्या वेळी दारात उभा होतो आणि मला बरं वाटलं, कारण कोट काढावा लागला नाही.

बरेच दिवस गेले. एका शनिवारी सकाळी ती दोघं पुन्हा आली. या वेळी बरोबर त्याचा थोरला भाऊ होता. रस्त्याच्या कडेला त्यांची मेंढरं उभी होती. भावाने आत येऊन बसण्याआधीच सांगून टाकलं. "साहेब, आमी गोदाकाठाला निघालोत. ह्यो येतूया का न्हाई, तेवढं सांगा. ह्याला कोकरू उचलंना, रातीला मेंढरांभवती जाळं लावंना, पटका बांधंना. ह्याची मेंढरं मी किती दिस राखू?"

"अन् मागं ठिवून जाताल तर इथं काय करतील ते?" बायको म्हणाली. डोक्यावरचा पदर तिने पुढे ओढला होता, पण आवाज खाली नव्हता. "मजुरीला कोण घिईल? तेल लावू लावू माझं हात दुखाय लागले. सुतळीभर फरक न्हाई."

डॉक्टरांनी हात काखेत घातले. मग डावा खांदा पाहिला, मग उजवा. मी हे सगळं खोलीतून ऐकत होतो आणि आता ते काय म्हणणार हे मला ठाऊक होतं. ते तेच म्हणाले. "दोन्ही सारखे आहेत."

थोरला भाऊ उठला. "बरं," तो म्हणाला, "मंग नाटक करायलाय."

मेंढपाळ तसाच हात पोटाशी धरून बसला होता.

शेजारच्या घरचं कोणी पोखर्णीच्या नरसिंहाला जाऊन आलं होतं आणि काकू ओसरीवर प्रसाद वाटत होत्या, आल्यागेल्या सगळ्यांना. मी तेवढ्यात बाहेर आलो, माझ्या हातावरही त्यांनी खडीसाखर आणि खोबऱ्याचा तुकडा ठेवला. मग मेंढपाळाकडे वळल्या. त्याने हात पुढे केले, पण तळवे खालीच राहिले. काकू थांबल्या. "हात पसरा की हो," त्या म्हणाल्या. त्याने सगळं अंग मागे टाकून तळवे वर करायचा प्रयत्न केला. ते काटकोनात येऊन थांबले. काकूंनी ठेवलेली खडीसाखर फरशीवर पडली. त्याला फार लाज वाटली. तो वाकून ती वेचू लागला आणि तेही त्याला जमेना.

डॉक्टर त्याच्या हातांकडे पाहत होते. मग त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मी अजून प्रसाद धरून उभा होतो.

"मास्तर, कोट काढा."

त्यांच्या आवाजात काहीतरी असं होतं की या वेळी मी वाद घातला नाही. त्यांनी माझं कोपर बरगडीला टेकवून धरलं आणि कोपराच्या पुढचा हात दार उघडावं तसा बाहेर वळवला. तो सहज वळला. मग तेच त्यांनी मेंढपाळाच्या उजव्या हाताला केलं. हात तसूभर हलला नाही, तो ओरडला. डाव्यालाही तेच. डॉक्टरांनी माझा खांदा पुढून चाचपला, त्याचा चाचपला. मग मागून. त्याचे दोन्ही खांदे पुढून चपटे होते आणि पाठीकडून भरलेले.

"दोन्ही सारखेच आहेत," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "दोन्ही सारखेच बाहेर आहेत. मागे गेलेत."

ते खाली बसले आणि त्याच्या बायकोकडे वळले. "गाडीवरून पडून दोन्ही खांदे मागे जात नाहीत. हात आत ओढणारे स्नायू बाहेर ओढणाऱ्यांपेक्षा दांडगे असतात. सगळे एकदम आवळले की लिंबू मागे फेकलं जातं. ते एकाच गोष्टीने होतं. ह्याला फेफरं येतं का?"

हे त्यांनी भर ओसरीवर विचारलं, थोरल्या भावासमोर, आणखी चार रोग्यांसमोर. बाजूला घेऊन विचारता आलं असतं. मेंढरांमागे रानात एकटं झोपणाऱ्या माणसाला फेफरं येतं हे कळलं, तर त्याच्या हाती कळप कोणी देत नाही, हे त्या ओसरीवर डॉक्टर सोडून सगळ्यांना समजत होतं. मला त्यांचा संताप आला.

"न्हाई," बायको म्हणाली.

"मला कळल्याशिवाय क्लोरोफॉर्म देता येणार नाही. आणि तो दिल्याशिवाय हे बसणार नाहीत."

बाहेर मेंढरं ओरडत होती. मग ती जमिनीकडे बघत म्हणाली, "येतं. वरसातनं दोन-तीनदा. त्या दिशी बी आलं व्हतं. गाडी बिडी काय न्हाई. झालं का समाधान?"

सगळ्यांनी थोरल्या भावाकडे पाहिलं. तो कोपऱ्यात पुन्हा उकिडवा बसला होता. तंबाखू मळत होता.

"आमाला काय नवं हाय त्यात," तो म्हणाला. "धा-बारा वरसाचा असल्यापसनं बघतूया मी. तुमी लपवायलात म्हून आमी बी गप व्हतो."

त्या दिवशी मी शाळेत गेलो नाही. मेंढपाळाला आतल्या खोलीत निजवलं, काकूंनी त्याच्या नाकाशी क्लोरोफॉर्मच्या फडक्याची घडी धरली आणि डॉक्टरांनी त्याच्या बगलेतून घातलेल्या चादरीचं टोक माझ्या हाती दिलं. मी एका बाजूला ओढायचं आणि डॉक्टर दुसऱ्या बाजूला हात ओढणार. डॉक्टर त्या वेळी अजिबात बोलले नाहीत. मी त्यांना इतका वेळ गप्प पूर्वी पाहिलं नव्हतं. उजवा खांदा आवाज करून बसला. तो आवाज चादरीतून माझ्या हातात आला.

डावा बसला नाही. डॉक्टरांनी तीन-चार प्रकारे प्रयत्न केला, मग हात त्याच्या छातीवर हळूच ठेवला. "आता जोर केला तर हाड मोडेल," ते म्हणाले. मग बराच वेळ ते त्या खांद्यावर तळवा ठेवून नुसते उभे राहिले.

बाहेर येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. मधली वाट घेणं त्यांना जमत नसे. या वेळीही जमलं नाही. "उजवा बसला. डावा असाच राहणार. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा दोन्ही बसले असते."

"मंग तवाच का न्हाई बसवले?"

"मी ते एकमेकांशी ताडून पाहिले. तिसऱ्याशी ताडायला हवे होते."

ती म्हणाली, "आमी बी गाडीच सांगितली."

उजवा हात बाहेरच्या बाजूला वळवून फळीला बांधून ठेवावा लागला. मेंढपाळ महिनाभर आमच्याच ओसरीवर राहिला, हात रस्त्याकडे काढून. गाडीवान त्याला विचारत, "पाथरीचा रस्ता का हो ह्यो?" आणि तो मान हलवून हो म्हणत असे. डॉक्टर त्याला फेफऱ्यासाठी ब्रोमाइडचं औषध देत. भावाने कळप गोदाकाठाला नेला, त्यात ह्याचीही मेंढरं नेली, आणि महिन्याने पोराला पाठवून त्याला बोलावून घेतलं. एका हाताने कोकरू उचलता येतं, असा निरोप होता.

मला वाटलं होतं, यानंतर डॉक्टरांचा नियम सुटेल. तो सुटला नाही. त्यात भर मात्र पडली. आता ते आधी चांगली बाजू पाहत, मग तिसऱ्या माणसाची पाहत, मग वाईट. आणि या सगळ्या वेळात ते प्रत्येक रोग्याला मेंढपाळाची हकिकत सांगत. आपण काय पाहिलं, कुठे चुकलो, किती दिवस वाया गेले, त्याच्या डाव्या हाताचं काय झालं. मनगट सुजलेल्या बाईला, पाठ धरलेल्या हमालाला, सगळ्यांना. दुखण्याने कळवळणाऱ्या माणसाला हे ऐकायचं नसतं. कितीएक जण मधूनच उठून जात. कापसाच्या जिनिंगमधले कामगार तर यायचेच बंद झाले. ज्या डॉक्टरला आपली चूक तोंडपाठ आहे त्याच्याकडे कशाला जायचं, असं ते म्हणत. काकूंनी विनवून पाहिलं. मीही सांगून पाहिलं, की यातून कोणाचं भलं होत नाही. डॉक्टर म्हणाले, "कोणाचं म्हणजे कोणाचं?" आणि पुढच्या रोग्याकडे वळले.

वर्षातून दोनदा तो कळप मानवतवरून जाई. मग तर कहरच होता. डॉक्टर ओसरीवरूनच मेंढपाळाला हाक मारत, सदरा काढायला लावत आणि जो कोणी रोगी बसलेला असेल त्याच्यासमोर त्याला उभं करत. मी उजवीकडे, तो डावीकडे. रस्त्यावर मेंढरांनी गाड्या अडवलेल्या असत, गाडीवान शिव्या देत असत, आणि डॉक्टर त्याच्या डाव्या खांद्यावर बोट ठेवून सगळं पहिल्यापासून सांगत असत.

शेवटचं मला आठवतं ते असंच. मी ती खोली सोडण्याच्या आधीचा उन्हाळा. त्याची बायको कळपापाशी उन्हात उभी होती, तिथून म्हणाली, "चला की आता. किती येळ त्येच त्येच दाखवायचं? मेंढरं तहानेली हायत."

तो हलला नाही. डॉक्टर पाठमोरे होते, एका गाडीवानाला काहीतरी समजावत होते.

"थांब जरा," तो तिला हळूच म्हणाला. "उजवा माझा हाय. डावा त्येचा हाय. त्येचं बघून झालं की येतो."